किर्लोस्करवाडीचं श्रेय कुणाचं: घराण्याचं की संस्थानाचं?

माळावरचा
किर्लोस्करवाडीचा नांगर-कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा विषय निघाला की सगळे 'जिद्द' एवढ्यावरच थांबतात. मला हे अपुरं वाटतं. बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, १९०३ साली लोखंडी नांगर, इथवर जिद्द कबूल. पण पुढं नगरपालिकेनं जागा सोडायला लावली, तेव्हा कारखाना न्यायचा कुठं? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी दिले, म्हणून १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा नांगराच्या ओतकामासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या निकामी तोफा दिल्या. हा उद्योग संस्थानांनी उभा केला असं माझं स्पष्ट मत आहे. नाव मात्र एकाच घराण्याचं लागलं.

हरळीचा वैरी
साफ अमान्य. राजानं माळ दिला, गिऱ्हाईक नाही दिलं. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, रान नासतं, अशी लोकांची पक्की समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं काढली कुणी?

आणि नांगरात काय होतं तेही बघा. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटी करत नाही. लोखंडी नांगर ढेकूळ पालथं घालतो, हरळी या चिवट तणाच्या काशा, म्हणजे जमिनीतली मुळं, वर येतात आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळून मरतात. ज्याच्या रानात हरळी माजली आहे त्याला हे एकदा दाखवलं की बाकी काही सांगावं लागत नाही. फाळ झिजला तर बोल्ट काढून नवा बसवायचा, पण त्यासाठी प्रत्येक फाळ तंतोतंत सारखा ओतावा लागतो. हे काम दरबारी हुकमानं होत नसतं.

एका जोडीचा शेतकरी
तुम्ही दोघं राजा आणि मालक यांच्यातच वाटणी करताय. भारी काळ्या रानात तो नांगर ओढायला दोन-तीन जोड्या लागायच्या. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्यानं काय करायचं? इर्जिक घालायची, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बैल एकत्र जुंपायचे, नाहीतर मोठ्या बागायतदाराच्या दारात जायचं. नांगराचा पहिला लाभ बड्यांना झाला, हे बोलायला कुणी तयार नाही. आणि निवडुंगाचा तो माळ साफ करणाऱ्या, भट्टीपुढं उभं राहून साचे भरणाऱ्या माणसांची नावं कुठल्या फलकावर आहेत?

हरळीचा वैरी
मजुरांबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्याच वाडीत, गुन्हेगार म्हणून गावानं टाकलेल्या माणसांच्या हाती लक्ष्मणरावांनी रात्रीचा पहारा सोपवला होता, तेही सांगा. बैलांचं म्हणाल तर काळ्या रानात लाकडी नांगरालाही तेवढेच बैल जुंपावे लागत. इर्जिक त्याच्या आधीपासून चालत आली आहे. शिवाय कारखाना नांगरावर थांबला नाही. उसाचे चरक आले, शेंगा फोडायची यंत्रं आली, पंप आले. १९४६ साली लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुरावांनी पुण्यात ऑइल इंजिनचा कारखाना काढला. पंप-इंजिन विहिरीवर आलं आणि मोट सुटली. त्याचा फायदा छोट्या शेतकऱ्यालाही झालाच ना?

एका जोडीचा शेतकरी
झाला, पण कधी? ज्याला कर्ज मिळालं त्याला आधी. मोट सुटली आणि सोसायटीचा हप्ता मानेवर आला.

माळावरचा
मूळ मुद्द्यावर येतो. औंधनं १९३९ साली राज्यकारभार रयतेच्या हाती सोपवला. अशा दरबारानं दिलेली जमीन ही मेहेरबानी नव्हती, ते धोरण होतं. त्याच संस्थानात कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना निघाला, ज्याचे प्रभाकर कंदील घरोघरी लागले. एकाच राज्यात दोन वाड्या उभ्या राहतात, हा योगायोग म्हणायचा का?

हरळीचा वैरी
योगायोग नाही, मान्य. पण राजाश्रय तोच असून ओगल्यांचा कारखाना बंद पडला, आणि किर्लोस्करवाडीत आजही पंप तयार होतात. हा फरक औंधच्या धोरणातून कसा निघतो, तेवढं सांगा.