सिएटलहून अलास्काची क्रूझ: भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा कोणाकोणाला लागेल?

रेडमंडची सून

नमस्कार. माझे सासू-सासरे मे महिन्यात साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. ऑगस्टमध्ये सर्वांनी मिळून सिएटलहून निघणारी आणि सिएटललाच परतणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ करावी असा बेत आहे. जहाज जुनो, स्कॅगवे आणि केचिकान ही बंदरे करून शेवटच्या संध्याकाळी कॅनडातील व्हिक्टोरिया येथे चार तास थांबते. सासू-सासऱ्यांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-२ (पर्यटकांचा) व्हिसा आहे. यजमान एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आणि मी एच-४वर (त्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आहे; दोघांच्याही येथे राहण्याच्या मुदतवाढीची मंजुरी आली आहे, मात्र पासपोर्टमधील व्हिसाची मुदत गेल्या वर्षी संपली आणि त्यानंतर भारतात जाणे न झाल्याने स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा लावून घेणे, राहून गेले. सहा वर्षांची मुलगी अमेरिकी नागरिक आहे. आरक्षण करून देणाऱ्या एजंटने "अमेरिकेचा व्हिसा असला की पुरे, व्हिक्टोरियाला उतरू नका म्हणजे झाले" असे सांगितले. हे मला पटत नाही. कोणी अलीकडे जाऊन आले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

पोर्टलंडचे काका

आपली शंका रास्त आहे. आम्ही हाच प्रवास माझ्या मेहुणीच्या कुटुंबासह केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडात प्रवेशासाठी व्हिसा लागतो आणि अमेरिकेचा व्हिसा त्याची जागा घेऊ शकत नाही. जहाजावरून उतरणार नाही हा युक्तिवाद बंदरावर चालत नाही, कारण कागदपत्रांची तपासणी सिएटलला जहाजावर चढण्यापूर्वीच होते आणि ज्याच्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही त्याला तेथूनच परत पाठवले जाते; भरलेले पैसेही सहसा परत मिळत नाहीत. आमच्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या एका वृद्ध दांपत्यावर हा प्रसंग आला होता.

चार तासांच्या थांब्यासाठी हा एवढा खटाटोप का, असा प्रश्न तेव्हा मलाही पडला होता. त्याचे उत्तर अमेरिकेच्या १८८६ सालच्या प्रवासी जहाजांच्या कायद्यात आहे. परदेशात नोंदणी झालेले जहाज अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन, वाटेत एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना पुन्हा अमेरिकी बंदरात उतरवू शकत नाही. मोठी क्रूझ जहाजे बहुधा बहामास, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात, त्यामुळे व्हिक्टोरियाचा थांबा प्रवाशांच्या हौसेपेक्षा कायद्याची पूर्तता करण्यासाठी अधिक असतो. कोविडच्या काळात कॅनडाने क्रूझ जहाजांना बंदी केली, तेव्हा अलास्काचा २०२१चा हंगाम वाचवण्यासाठी अमेरिकी काँग्रेसला खास तात्पुरता कायदा करावा लागला होता.

आणखी एक गैरसमज आपल्या मंडळींत फार आहे. अमेरिकेचा व्हिसा असला की व्हिसाऐवजी चालणारा कॅनडाचा ई-परवाना मिळतो, असे बरेच जण छातीठोकपणे सांगतात. २०२३ मध्ये कॅनडाने ही सवलत फिलिपिन्स, थायलंड अशा काही देशांना दिली, पण त्या यादीत भारत नाही; शिवाय ती सवलत विमानाने येणाऱ्यांपुरतीच आहे.

सासू-सासऱ्यांचा अर्ज त्यांनी भारतातूनच, निघण्यापूर्वी करावा. अर्ज ऑनलाइन असतो, शुल्क प्रत्येकी १०० कॅनेडियन डॉलर आणि बोटांचे ठसे व छायाचित्र यांसाठी ८५ डॉलर. ते काम कॅनडाच्या पुण्यातील व्हिसा-अर्ज केंद्रात होऊ शकते. एकदा दिलेले ठसे दहा वर्षे चालतात. मंजुरीनंतर व्हिसा चिकटवण्यासाठी पासपोर्ट काही दिवस हातातून जातो, हे विमानाची तिकिटे काढताना लक्षात असू द्यावे. आपण दोघे येथूनच अर्ज करू शकता. ठसे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याच्या केंद्रांत घेतले जातात.

सॅन होजेचा एच-१बी

काकांनी कॅनडात जाण्याची बाजू नेमकी मांडली आहे. आपल्या दोघांच्या बाबतीत मात्र खरी मेख अमेरिकेत परत येण्यात आहे, कारण व्हिक्टोरियाला जहाज लागले की कायद्याच्या दृष्टीने आपण देशाबाहेर गेलेले असता आणि सिएटलला नव्याने प्रवेश घेत असता.

सुदैवाने यासाठी आपोआप पुनर्वैधतेचा नियम आहे. कॅनडा किंवा मेक्सिको येथे तीस दिवसांपर्यंत राहून परतणाऱ्या आणि आय-९४ची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल ती तारीख असलेल्या नोंदीची) मुदत शिल्लक असलेल्या व्यक्तीचा संपलेला व्हिसा त्या प्रवेशापुरता वैध धरला जातो. या मुक्कामात अमेरिकेच्या नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा, अशीही अट आहे. क्रूझवर तो प्रश्न येतच नाही. मुदतवाढ मिळाली असल्यास नवे आय-९४ आय-७९७च्या (मंजुरीपत्राच्या) तळाशी छापलेले असते, तो मूळ कागद जवळ ठेवावा. जहाज कंपनीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याला हा नियम ठाऊक असेलच असे नाही, तेव्हा नियमाची छापील प्रत सोबत घ्यावी आणि कंपनीकडून आधीच लेखी उत्तर मागवावे.

येथे एक सावधगिरीची सूचना, कारण माझ्या एका सहकाऱ्याची यात फसगत होता होता राहिली. ही सवलत एच-१बी आणि एच-४ यांना फक्त कॅनडा व मेक्सिकोपुरती आहे. बहामास, जमैका यांसारख्या जवळच्या बेटांचा समावेश केवळ एफ (विद्यार्थी) आणि जे (विनिमय कार्यक्रमाच्या) व्हिसाधारकांसाठी होतो. त्यामुळे मायामीहून बहामासला जाणारी तीन रात्रींची क्रूझ एखादा विद्यार्थी संपलेल्या व्हिसावर करून येऊ शकतो, पण त्याच्याच खोलीत राहणारा एच-१बीवाला तसे करू शकत नाही.

तसेच आपल्यापैकी कोणाचा व्हिसाचा प्रकार बदलण्याचा अर्ज प्रलंबित असेल, तर देशाबाहेर पाऊल टाकताच तो सोडून दिला असे मानले जाते. तसे असल्यास क्रूझचा विचारच करू नये.

बॉस्टनची आत्या

मुलीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. त्याच बंदरात परतणाऱ्या क्रूझवर अमेरिकी मुलाला जन्मदाखल्यावर परत येता येते, तरीही पासपोर्ट घ्यावाच. मध्येच कोणी आजारी पडून कॅनडातून विमानाने परतावे लागले, तर जन्मदाखला उपयोगाचा नाही.

सासू-सासऱ्यांच्या बाबतीत, व्हिक्टोरियाहून परतल्यावर त्यांचे अमेरिकेत राहण्याचे सहा महिने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजले जातील असे गृहीत धरून परतीचे तिकीट पुढे ढकलू नये. किती दिवस द्यायचे हे अधिकारी ठरवतो आणि बहुधा जुनीच तारीख कायम राहते.

आमच्याकडे ग्रीन कार्ड असल्याने कॅनडाचा व्हिसा लागला नाही. मात्र एप्रिल २०२२ पासून कार्डासोबत वैध भारतीय पासपोर्टही दाखवावा लागतो. माझ्या दिरांचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला होता आणि ते घरीच राहिले.

ही सर्व यातायात नकोच असेल, तर हवाई बेटांवरील होनोलुलूहून निघणारे 'प्राइड ऑफ अमेरिका' हे जहाज पाहावे. ते अमेरिकेतच नोंदलेले असल्याने परदेशी बंदराला न जाता माउई, हिलो, कोना आणि काउआई करून परत येते. तेथे कॅनडाचा व्हिसा नाही आणि पुन्हा प्रवेशाचाही प्रश्न नाही. अर्थात हिमनद्या पाहण्याची हौस तेथे भागणार नाही.

रेडमंडची सून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासऱ्यांशी काल बोलले. ते याच आठवड्यात अर्ज भरत आहेत आणि आम्ही दोघे येथून भरतो आहोत. जहाज कंपनीला आय-७९७ची प्रत जोडून लेखी विचारणा केली आहे. आरक्षणाची उरलेली रक्कम भरण्याची मुदत मेअखेर आहे. तोपर्यंत चारही व्हिसा हाती आले नाहीत, तर अलास्का पुढच्या वर्षावर टाकून होनोलुलूची तिकिटे पाहू.