घरचा ग्रुप: जुनी डिझेल गाडी, पण चालवायला मजा यायला हवी

दादा: मंडळी, गाडी बदलायची ठरतेय. सेकंड हँड घेणार आणि डिझेलच घेणार. पाच जण नीट बसले पाहिजेत, डिकी मोठी हवी, आणि स्टेअरिंगवर बसल्यावर कंटाळा येता कामा नये. मोठ्या एसयूव्हीकडे डोळा आहे. बोला आता.

वहिनी: गाडी मीही तितकीच चालवते. त्यामुळे कंटाळ्याची अट दोघांची आहे.

काका: डिझेल कशाला? पुढे जाऊन कुठल्या तरी शहरात जुन्या डिझेलला शिरूच देणार नाहीत, मग बसाल दारात गाडी ठेवून. तो फोक्सवॅगनचा २०१५ चा डिझेलच्या धुराचा घोटाळा विसरलात का?

मामा: काका, शहरांचं तुमचं अगदी बरोबर आहे. जिथे राहतो आणि जिथे रोज जातो तिथला नियम आधी बघायचा, मगच गाडी बघायची. घोटाळ्याचं नंतर बोलू. आधी मला एवढं सांग रे, तुझं रोजचं चालवणं कसं आहे?

दादा: ऑफिसला जाताना पाऊण तास आणि येताना पाऊण तास, बहुतेक हायवे. सुट्टीत लांब जातोच.

मामा: मग डिझेल घे. शाळा, भाजी आणि घर एवढंच असतं तर मी हात जोडून नको म्हटलं असतं. कारण सांगतो, सगळ्यांनी वाचा, पुढचं सगळं यावरच आहे.

आताच्या डिझेलला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. विक्रीच्या गाडीत तो पहिल्यांदा २००० साली प्यूजो ६०७ मध्ये आला. युरोपात यूरो ५ या धुराच्या नियमापासून, म्हणजे २००९ नंतर, जवळपास सगळ्याच डिझेल गाड्यांत बसला. तो काजळी अडवतो आणि साठली की जाळून टाकतो. जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं. इंजिन तेवढ्यासाठी थोडं जास्तीचं डिझेल सोडतं आणि दहा-पंधरा मिनिटं सलग चालणं मागतं. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की हे काम अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं आणि त्याची किंमत बेअरिंग आणि टर्बो मोजतात. गाडी तीच, कंपनी तीच, पण एकजण दोन लाख किलोमीटर हसत जाते आणि दुसरी पन्नास हजारांत रडते. म्हणून मी मीटर नंतर बघतो, गाडी कशी जगली ते आधी.

मी: म्हणजे कमी चाललेली गाडी वाईट?

मामा: कमी चाललेली नाही. थोडी थोडी चाललेली. जुनी डिझेल आणि किलोमीटर फारच कमी, असं दिसलं की लोक खूश होतात, मी सावध होतो.

दाजी: मामांनी आरोग्याचं सांगितलं, मजेचं मी सांगतो. डिझेल म्हणजे बैलगाडी असं ज्यांना वाटतं त्यांनी एवढं लक्षात घ्या: १९९८ साली जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगची २४ तासांची शर्यत बीएमडब्ल्यू ३२०डी ने जिंकली, पेट्रोलवाल्यांना मागे टाकून. २००६ ला ऑडीची आर१० फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, तिथे डिझेलने जिंकायची ती पहिलीच वेळ.

पण रस्त्यावरची मजा वेगळी आहे. दोन लिटरचं बऱ्यापैकी डिझेल २००० आरपीएमला ३२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, देतं. त्याचा हिशेब केला तर त्या क्षणी साधारण ९० हॉर्सपॉवर हाताशी असते. टर्बो नसलेलं तेवढंच पेट्रोल इंजिन त्याच आरपीएमला १८० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे पन्नासेक हॉर्सपॉवर. पेट्रोलला ताकद वर जाऊन मिळते, डिझेलला ती मधेच मिळते, आणि आपण रोज मधेच चालवतो. चौथ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गिअर न बदलता गाडी जी ओढते ना, त्यासाठी मी आयुष्यभर डिझेल चालवेन.

दादा: दाजी, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. म्हणूनच मोठं इंजिन असलेली एसयूव्ही म्हणतोय.

दाजी: तिथेच आपलं जमत नाही. टॉर्क अर्धीच गोष्ट आहे. उंच आणि जड गाडीला वळणात झुकायची सवय असते. झुकू नये म्हणून कंपनी स्प्रिंग कडक करते, मग खड्ड्यात मागचे सगळे उडतात. तेच इंजिन बुटक्या सलूनमध्ये किंवा इस्टेटमध्ये (मागे लांब डिकीची, वॅगन म्हणतात तीच) घाल, दोन्ही प्रश्न निम्मे होतात आणि ॲव्हरेजही सुधारतं. डिझेलचं नाक आधीच जड असतं, वर पुन्हा उंची कशाला वाढवायची?

काका: उंच बसलं की रस्ता दिसतो पण. गुडघ्याला बरं पडतं.

दाजी: काका, ते खरं आहे. गुडघे दुखणारं माणूस रोज बसणार असेल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवायचं.

वहिनी: आमच्याकडे गुडघे ठीक आहेत, धाकटीला मात्र गाडी लागते. मागे बसली की अर्ध्या तासात सुरू. मजेच्या गाडीत जास्त लागेल ना?

ताई: उलट. आमच्या थोरल्याला लागायची ती जुन्या उंच गाडीत, मऊ सस्पेन्शन होतं, प्रत्येक उंचवट्यावर दोन-तीनदा हेलकावे घ्यायची. आताची बुटकी आहे, खड्डा लागला की एकदा वर आणि शांत. त्यात डिझेल असल्याने सारखे गिअर बदलावे लागत नाहीत, झटके कमी. अर्थात चालवणाऱ्याने ब्रेक हळू दाबले तर. हे मी कुणाला उद्देशून म्हणतेय ते त्याला कळलंय.

दाजी: कळलं.

मामा: ताईचा मुद्दा बारीक आहे, पण गाडी निवडताना तोच बघायचा. गाडी मऊ आहे की कडक हे विचारू नका. उंचवट्यावरून गेल्यावर ती किती लवकर स्थिर होते ते बघा. फोर्डने १९९८ ची पहिली फोकस काढली तेव्हा मागच्या चाकांना मल्टी-लिंक सस्पेन्शन दिलं, म्हणजे प्रत्येक चाक अनेक दांड्यांवर स्वतंत्र हलतं, त्या आकाराच्या साध्या गाडीत तेव्हा ते नेहमीचं नव्हतं. रिचर्ड पॅरी-जोन्स नावाचा त्यांचा इंजिनिअर त्यामागे होता. ती गाडी वळणातही छान होती आणि खड्ड्यातही. मजा आणि आराम यांचं वैर नसतं, सस्पेन्शनवर पैसे वाचवले की वैर होतं. आणि नुसतं नाव बघू नका. फोक्सवॅगन गोल्फच्या सातव्या पिढीत कमी ताकदीच्या इंजिनांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा साधा आडवा दांडा, आहे, जास्त ताकदीच्यांना मल्टी-लिंक. बाहेरून दोन्ही सारख्याच.

दादा: बरं, एसयूव्ही सोडली. मग ही यादी बघा. बीएमडब्ल्यू ३२०डी २०१० ची, फारच कमी चाललेली, एकच मालक. माझदा ६ वॅगन २०१४, २.२ डिझेल. स्कोडा ऑक्टाव्हिया इस्टेट २०१७, २.० टीडीआय मॅन्युअल, १,४०,००० किलोमीटर. माझं मन ३२०डी वर आहे.

दाजी: माझंही. मागची चाकं ओढतात, वजन पुढे-मागे जवळजवळ सारखं. या यादीत तिच्यासारखं स्टेअरिंग कुणाचंच नाही.

मामा: दाजी, स्टेअरिंगबद्दल वाद नाही. पण २०१० म्हणजे एन४७ इंजिन. त्याची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. २००७ ते २०११ च्या इंजिनांत ती झिजून तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या, आणि ती बदलायची तर बहुतेक वेळा इंजिनच खाली उतरवावं लागतं. त्यात ही कमी चाललेली, म्हणजे बहुधा गावातल्या गावात. चेन बदलल्याचा कागद असेल तर बोलू, नाहीतर नाही. ३२०डी च हवी असेल तर २०१५ च्या आसपास बी४७ इंजिन आलं, त्यानंतरची शोध.

दादा: मन मोडलंत मामा.

मामा: आत्ता मोडलेलं परवडतं. माझदाचं इंजिन मला मनापासून आवडतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते, फक्त १४:१, डिझेलच्या मानाने फारच कमी, त्यामुळे आतले भाग हलके करता आले आणि ते ५,२०० आरपीएमपर्यंत मोकळं फिरतं. डिझेल असं फिरत नाही एरवी. पण सुरुवातीच्या गाड्यांत इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत, काजळी साचणं आणि ऑइलची पातळी वाढणं या ठाऊक असलेल्या गोष्टी आहेत. ऑइल अगदी वेळच्या वेळी बदललेलं असेल तरच हात लावायचा. विकणाऱ्याकडे सगळी बिलं आहेत का?

दादा: नाहीत. “सगळं वेळेवर केलंय” म्हणाला.

मामा: मग ती सोडून दे.

काका: राहिली स्कोडा. ती फोक्सवॅगनचीच कंपनी, तिचाच तर घोटाळा होता! तपासणीच्या वेळी सॉफ्टवेअर गाडीचा धूर कमी दाखवायचं.

मामा: काका, सप्टेंबर २०१५ मध्ये ते उघड झालं, जगभरातल्या १ कोटी १० लाखांच्या आसपास गाड्या. ते मुख्यतः ईए१८९ इंजिन. २०१७ च्या ऑक्टाव्हियात त्याच्या पुढचं ईए२८८ आहे. जुन्या ईए१८९ वाली घ्यायची असती तर दुरुस्तीचं सॉफ्टवेअर कधी टाकलं आणि नंतर ईजीआरने (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) त्रास दिला का, एवढं विचारलं असतं.

वहिनी: १,४०,००० किलोमीटर ऐकून मला धडकी भरते.

दादा: मालक कंपनीच्या कामासाठी दिवसभर हायवेवर असायचा. सर्व्हिसचे सगळे कागद आहेत.

मामा: सूनबाई, मला तर हीच सगळ्यात बरी वाटते. इंजिन रोज पूर्ण तापलं, फिल्टर रोज जळून साफ झाला, क्लच दिवसातून चारदा दाबला गेला. फक्त टायमिंग बेल्ट आणि त्याच्यासोबतचा वॉटर पंप बदललाय का ते कागदात शोधा. नसेल तर तो खर्च सौद्यातून वजा करा. डीपीएफमध्ये काजळी जळते पण राख जळत नाही, ती साठत जाते, त्यामुळे एवढ्या किलोमीटरला राखेचा आकडा स्कॅनरवर बघायचा.

वहिनी: आणि डिकी? ऑटोमॅटिक मिळाली तर मला आवडेल खरं.

दाजी: वहिनी, डिकी ६१० लिटर, सीट न पाडता. यादीत तुम्हाला हवी तशी हीच. ऑटोमॅटिक डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा गिअरबॉक्स) घ्यायची तर ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचची सहा गिअरवाली बघा, तिचं ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं असायलाच हवं. कोरड्या क्लचची सात गिअरवाली छोट्या इंजिनांसाठी आहे, २५० न्यूटन मीटरपर्यंतच. पण तुमचा रस्ता मोकळा आहे, तिथे मॅन्युअल जास्त रंगते.

वहिनी: चालवून ठरवते. क्लच जड लागला तर नाही म्हणेन, आधीच सांगते.

मी: मामा, बघायला गेल्यावर नेमकं काय करायचं ते लिहा ना. सगळ्यांच्याच कामाचं आहे.

मामा: लिहितो. गाडी थंड असली पाहिजे. बॉनेटवर हात ठेव, कोमट लागलं तर विकणाऱ्याने आधी सुरू करून ठेवली आहे, का ते विचार. सुरू करण्याआधी डिपस्टिक काढ. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर तिथूनच परत फिर. ऑइल काळं असणं चालतं, डिझेलमध्ये ते लगेच काळं होतं.

मग सुरू कर आणि एक माणूस मागे उभा कर. क्षणभर धूर चालेल. निळा राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा राहिला तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) बिघडलेत किंवा कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत गळतंय. जोरात पाय दिल्यावर काळा लोट आला तर डीपीएफ जागेवर आहे का हाच प्रश्न, कारण चांगल्या फिल्टरमधून काळा धूर दिसतच नाही. काही जण तो आतून पोकळ करून ठेवतात. ते बेकायदेशीर आहे आणि तशी गाडी फुकट मिळाली तरी नको.

बॉनेट उघडून इंजेक्टरच्या बुडाशी ऐक. फस् फस् असा आवाज आणि डांबरासारखा काळा थर असेल तर सीलमधून गॅस गळतोय. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला आणि दाबलेला, दोन्ही वेळचा आवाज ऐक. सोडल्यावर खडखड, दाबल्यावर बंद, किंवा गाडी बंद करताना शेवटी जोराचा हिसका, हे ड्युअल मास फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिन आणि क्लच यांच्यामधल्या झटके शोषणाऱ्या चाकाकडे, बोट दाखवतं. तो आणि क्लच एकत्र बदलावे लागतात, खर्च मोठा.

गाडी तापली की मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर, १,५०० आरपीएम, आणि पूर्ण पाय. ओढ एकसारखी वाढत गेली पाहिजे. आरपीएम चढतोय पण वेग नाही, तर क्लच घसरतोय. मधेच गाडी मऊ पडली तर टर्बोची पाती काजळीने अडकताहेत किंवा पाइप फुटलाय. हळूहळूच चालवलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं.

दाजी: आणि मजेसाठी एक खराब रस्ता, एक लांब वळण. वळणाच्या मध्ये छोटा उंचवटा असेल तर फारच छान, गाडी रेघ सोडते की धरून राहते ते तिथेच कळतं. टायर चारही एकाच कंपनीचे आहेत का बघ. चांगली गाडी भिकार टायरवर चालवून लोक गाडीलाच नावं ठेवतात.

ताई: धाकटीलाही न्या. मागे बसवा.

वहिनी: नेतेच. आणि पहिल्यांदा मी चालवणार.

दादा: रविवारी सकाळी आठला वेळ घेतलीय. मामा, याल ना?

मामा: येतो, स्कॅनर घेऊन. फिल्टरची काजळी, राख, शेवटचं रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, किती किलोमीटरपूर्वी झालं, चारही इंजेक्टरचं करेक्शन, म्हणजे कुणाला किती जास्त-कमी डिझेल द्यावं लागतंय, सगळं बघू. बिघाडाचे कोड आदल्या दिवशी पुसून ठेवले असतील तर तेही कळतं. तू फक्त मालकाला आत्ता फोन करून सांग, आम्ही पोचेपर्यंत चावी फिरवू नका.