उंची १७१ सेंमी, व्यावसायिक व्हॉलीबॉल सोडून देऊ का?

प्रश्न: वय १९. स्मॅश बरा मारतो, पण समोर दोन मीटरचे ब्लॉकर आले की चेंडू माझ्याच अंगावर परत. थांबू का?

उत्तर: थांबू नकोस, जागा बदल. १९९८ पासून लिबेरो (फक्त मागे राहून बचाव करणारा खेळाडू) ही जागा आहे ना! त्याला ब्लॉक करायचाच नसतो, त्यामुळे २.४३ मीटरच्या नेटशी तुझं भांडणच मिटलं. मी बाविसाव्या वर्षी बदललो. सहा महिने नुसतं रिसीव्ह (समोरून आलेली सर्व्हिस उचलणं). कोपरं सोलली, अहंकार त्याहून जास्त.

दुसरं उत्तर: करार बरेचदा एकाच हंगामाचे असतात. शिक्षण सोडू नकोस. (माझा गुडघा अजून कुरकुरतो.)

प्रश्नकर्ता: पण माझं रिसीव्ह भिकार आहे...

उत्तर: माझंही होतं. भिंत शोध, रोज दोनशे पास.