नवशिक्यांना "यूट्यूबवर बघा" सांगणं पुरेसं आहे का?

माळरान:
गावाकडे साठीपुढच्या माणसांच्या आणि घरच्या बायकांच्या हातात आता स्मार्टफोन आलाय. काही अडलं की उत्तर ठरलेलं: "यूट्यूबवर बघा, सगळं आहे." मला हे पटत नाही. ज्याला शोधायचं कसं हेच माहीत नाही, तो धडा शोधणार कुठून?

ई-पीक पाहणीचं घ्या, म्हणजे आपल्या शेतातल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवरून करायची ती. 2021 मध्ये अ‍ॅप आलं, नंतर आवृत्त्या बदलत गेल्या, जुने व्हिडिओ मात्र तसेच राहिले. व्हिडिओत दाखवलेलं बटण फोनवर सापडत नाही आणि माणूस बांधावर उभा राहून स्वतःलाच अडाणी समजतो. पहिले धडे शेजारी बसूनच द्यायला हवेत.

सुगरण_७:
ताई, शेजारी बसणार कोण? वर्ग होते की. एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स 2001 पासून आहे, पण तिथे बहुतेक जण नोकरीला प्रमाणपत्र लागतं म्हणून जातात. ग्रामीण भागासाठी केंद्राने 2017 मध्ये डिजिटल साक्षरता अभियान आणलं. 2024 मध्ये ते संपलं. अभ्यासक्रम 20 तासांचा होता आणि वयाची अट 14 ते 60 होती. म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिताय ते साठीपुढचे दारातूनच परत!

व्हिडिओ वय विचारत नाही. दहा वेळा मागे नेला तरी "परवाच सांगितलं होतं ना?" असं म्हणत नाही. मुलाला किंवा सुनेला तेच तेच विचारताना किती संकोच वाटतो, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. राहिला शोधण्याचा प्रश्न, तर माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोललं की झालं. टाइप करायची गरजच नाही. एवढी एकच गोष्ट कुणीतरी दाखवून द्यावी.

खातेवही:
मी बँकेत काउंटरवर बसतो. माझा आक्षेप धड्यांच्या क्रमाला आहे. खातं कसं उघडायचं, पैसे कसे पाठवायचे, इथून सुरुवात होते आणि फसवणुकीचं आलंच तर शेवटी येतं. तोवर बघणारा उठून गेलेला असतो.

पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार. हे पहिल्याच मिनिटात सांगा. फसलात तर लगेच 1930 ला फोन करा, हेही तिथेच सांगा. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधून लावू नका, पासबुकावर किंवा कार्डामागे असतो तोच लावा.

सुगरण_७:
दादा, मुद्दा बरोबर, पण सुरुवातच भीतीने झाली तर माणूस फोनला हात लावत नाही. आमच्याकडच्या भिशीतल्या बायका आधी भजनं आणि पाककृती शोधायला शिकल्या. हात बसल्यावर मग पैशांकडे वळल्या. चूक झाली तरी काही बिघडत नाही, अशा जागी आधी सराव हवा.

माळरान:
भजनापासून सुरुवात, हे मान्य. पण तो माइक दाखवणारं "कुणीतरी" तुम्हालाही लागलंच ना, ताई? माझं म्हणणं तेवढंच आहे. ग्रामपंचायतीत आठवड्यातून एक दुपार कुणीतरी बसावं, वयाची अट नको, परीक्षा नको. आणि व्हिडिओ बनवणाऱ्यांनी अ‍ॅपची कोणती आवृत्ती दाखवतोय हे सुरुवातीलाच बोलून सांगावं. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं आमच्याकडे कुणी वाचत नाही.