गोधडीच्या उलट बाजूला वरच्या दोऱ्याचे लूप पडतात, ताण कुठे बिघडला असावा?

प्रश्न (फोंड्याहून)

नमस्कार. बहिणीच्या बाळासाठी मी मशीनवर गोधडी शिवायला घेतली आहे. वर आईच्या जुन्या सुती साड्यांचे जोडकाम, मध्ये कापसाचा पातळ थर आणि खाली मलमलीचे अस्तर आहे. मशीन घरगुती, विजेवर चालणारे आहे. सरळ टिपा दोन्ही बाजूंनी स्वच्छ आल्या. त्यानंतर कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेऊन, रफूचा फूट लावून मी हाताने कापड फिरवत वेलबुट्टी काढू लागले, तेव्हापासून वरून टीप बरी दिसते, पण उलट बाजूला वरच्या दोऱ्याचे लूप लोंबतात. घोळ खाली दिसतो म्हणजे दोष खालच्या दोऱ्याच्या बॉबिनचाच, असे समजून मी बॉबिन केसचा स्क्रू दोनदा आवळला आणि वरच्या ताणाचा आकडा चारवरून सातवर नेला. लूप थोडे कमी झाले, पण वरचा दोरा तुटू लागला. बहीण पंधरा दिवसांनी बाळाला घेऊन सासरी जाईल. उसवलेल्या जागी जुन्या साडीला भोके दिसू लागली आहेत, त्यामुळे पुन्हा उसवायला हात धजत नाही.

उत्तर (म्हापशाहून)

ताई, खाली लोंबणारे लूप वरच्या दोऱ्याचे असतील, तर दोष बहुधा वरच्या वाटेत असतो. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात आणि ती अडक कापडाच्या थरांमध्ये मधोमध लपायला हवी. ज्या दोऱ्याची ओढ जास्त, तो ती अडक आपल्या बाजूला खेचून घेतो. वरचा दोरा ढिला असताना बॉबिन आवळले, तर खालची ओढ आणखी वाढते. म्हणून तो स्क्रू आधी होता तिथे परत न्या.

मग दोन गोष्टी तपासा. रफूचा फूट कापडाच्या किंचित वर तरंगतो, त्यामुळे तो खाली आहे की वर हे नजरेला चटकन कळत नाही आणि फूट वर-खाली करणारा मागचा दांडा खाली करायचा राहून जातो. दांडा वर असेपर्यंत वरचा दोरा दाबून धरणाऱ्या ताणाच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोऱ्यावर काहीच ताण येत नाही. दुसरी गोष्ट नेमकी याच्या उलट आहे: दोरा ओवताना दांडा वरच हवा, नाहीतर मिटलेल्या चकत्यांमध्ये दोरा शिरत नाही, नुसता वरून सरकतो. ओवून झाल्यावर, सुईत घालण्याआधी, दांडा वर ठेवून दोरा ओढून पाहा आणि मग खाली करून ओढा. दुसऱ्या वेळी बोटांना स्पष्ट अडथळा जाणवला नाही, तर आकडा कितीही वाढवून उपयोग नाही.

उत्तर (डिचोलीहून)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझे शिलाईचे दुकान आहे आणि पावसाळ्यात अशी मशीन्स आमच्याकडे नेहमी येतात. जुन्या सुती कापडाची तूस फार सुटते, दमट हवेत आणि तेलात ती चिकटून बसते व चकत्या पूर्ण मिटत नाहीत. दांडा वर करून, दुमडलेल्या सुती कापडाची कड चकत्यांमधून दोन-तीन वेळा फिरवा. बॉबिनखालची तूसही ब्रशने काढा. सुईला गंजाचा ठिपका दिसला तर ती लगेच बदला, कारण त्यावर दोरा घासून तुटतो. तीन थरांना चौदा नंबरची सुई योग्य ठरेल.

बॉबिन केस सुटी निघत असेल, तर खालचा ताण असा पाहावा: बॉबिन घालून केस दोऱ्याने लोंबती धरा आणि मनगटाला हलका झटका द्या. ती थोडीशीच खाली येऊन थांबली तर ताण ठीक. सरसर उतरली तर ढिला, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त फिरवू नये.

हे सगळे करूनही लूप फक्त वळणांवर येत राहिले, तर कारण हाताच्या वेगात आहे. वळणावर आपला हात नकळत जोरात फिरतो आणि त्या मानाने सुई मागे पडते. तिथे हात सावकाश, मशीनचा वेग एकसारखा ठेवा. आधी त्याच साडीच्या, त्याच तीन थरांच्या तुकड्यावर वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून पाहा, म्हणजे कोण कोणाला खेचतो ते लगेच दिसते.

उसवण्याचे भय धरू नका. वरचा दोरा एवढा ढिला असतो तेव्हा खालचा दोरा सरळ रेषेत पडलेला असतो. त्याचे टोक धरून हळूच ओढले तर तो सरकन निघतो आणि वरचा आपोआप मोकळा होतो. भोकांवर पाण्याचे बोट लावून नखाने हलके घासले की सुताचे धागे बरेचसे परत जवळ येतात.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. दांडा खालीच होता, पण वेलबुट्टी सुरू करताना मी रीळ बदलले होते आणि नवा दोरा दांडा खाली असतानाच ओवला होता. सरळ टिपा बिघडल्या नव्हत्या, याचा उलगडा आता झाला. चकत्यांमधून करड्या तुसीची एक वळीही निघाली. आकडा पुन्हा चारवर आणला आहे आणि खालचा दोरा तुम्ही सांगितला तसाच अखंड निघाला. आता उलट बाजू स्वच्छ आहे, मात्र नमुन्यावर काही वळणांवर लाल टिपेत पांढरे ठिपके वर दिसतात.

उत्तर (म्हापशाहून)

आता वरचा दोरा किंचित जास्त ओढतो आहे. आकडा चारवरून साडेतीनवर उतरवून त्याच नमुन्यावर पुन्हा पाहा, बॉबिनला हात लावू नका. गोधडीवर मात्र वर-खाली एकाच रंगाचा दोरा घाला.