मदत हवी आहे: माझा पत्ता लावून कोणीतरी स्पॅम पाठवतंय, कायदेशीर कारवाई करता येईल का?

नमस्कार मंडळी,

नऊ दिवसांपूर्वी सकाळी मेल उघडून बघते तर 'मेलर-डीमन'कडून (न पोचलेली मेल परत पाठवणारी यंत्रणा) परत आलेल्या सहाशेवर मेल्स. वजन कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात, आणि पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता. माझ्या स्वतःच्या डोमेनवरचा, ज्यावर मी अकरा वर्षं भाषांतराची कामं घेते आहे.

पासवर्ड बदलला, सेंट फोल्डर तपासला. तिथे काही नाही. मग एका परत आलेल्या मेलचे पूर्ण हेडर (मेल कुठून कशी आली याची नोंद) उघडले. 'फ्रॉम'मध्ये मी, पण अगदी खालच्या 'रिसीव्ह्ड' ओळीतला आयपी (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) माझ्या सर्व्हरचा नाहीच. म्हणजे खातं हॅक झालेलं नाही, नुसतं नाव माझं वापरलंय.

परवा एका अनोळखी गृहस्थांनी लिहिलं, 'चार वेळा थांबवा म्हणून कळवलं, लाज कशी वाटत नाही?' वाचून रडूच आलं. एका जुन्या क्लायंटकडे माझं कोटेशनही थेट स्पॅममध्ये गेलं.

जाहिरातीतली कंपनी अमेरिकेतली आहे. तिथल्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यात दर मेलमागे पन्नास हजार डॉलरच्या वर दंड होऊ शकतो असं वाचलं. मला दावा लावता येईल का? पुरावा म्हणून काय काय जपून ठेवू?

प्रतिसाद १

ताई, दावा तुम्हाला लावता येणार नाही. त्या कायद्याखाली कोर्टात जायचा हक्क एफटीसी (अमेरिकेचा केंद्रीय व्यापार आयोग), राज्यांचे अॅटर्नी जनरल आणि मेलसेवा पुरवणाऱ्या कंपन्या अशांना आहे, सामान्य माणसाला नाही. मला ही त्या कायद्यातली मोठी उणीव वाटते, कारण खरा मनस्ताप तुमच्यासारख्यांनाच होतो. पण तक्रार जरूर करा. खोटे हेडर लावायला त्यात स्पष्ट बंदी आहे, आणि पाठवणाऱ्याबरोबर जिचा माल विकला जातोय ती कंपनीही जबाबदार धरता येते. स्पॅमर सापडो न सापडो, कंपनीचं नाव तुमच्या हातात आहे.

शिक्षा होतात. रॉबर्ट सोलोवे या अमेरिकन स्पॅमरला २००८ मध्ये ४७ महिन्यांची कैद झाली. उलट जेरेमी जेन्स या दुसऱ्या स्पॅमरला व्हर्जिनियात खोट्या हेडरवरूनच नऊ वर्षांची शिक्षा सुनावली होती, पण २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो राज्याचा कायदाच रद्द केला. निनावी राजकीय किंवा धार्मिक मेलही त्याच्या कचाट्यात येत होती, म्हणून. जेन्सची ती शिक्षा रद्द झाली.

पुरावा: मेल फॉरवर्ड करू नका, मूळ हेडर जातात. 'ओरिजिनल' स्वरूपात डाउनलोड करून ठेवा. स्क्रीनशॉट पुरत नाही.

प्रतिसाद २

डोमेनला डीमार्क (तुमच्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं ते समोरच्या सर्व्हरला सांगणारी नोंद) लावलंय का? नसेल तर आजच लावा. एसपीएफ (तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आधी नीट करा, मग डीमार्क 'नन'वर (अडवणूक नाही, नुसते रिपोर्ट) ठेवून आठवडाभर रिपोर्ट बघा. तुमच्या स्वतःच्या मेल्स पास होतायत याची खात्री झाली की 'रिजेक्ट' (खोट्या मेल नाकारा) करा. त्या रिपोर्टमध्ये तुमच्या डोमेनच्या नावाने कुठल्या आयपीवरून किती मेल्स गेल्या ते येतं. तक्रारीला तोच तक्ता जोडा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. एसपीएफ होतं, बाकी दोन्ही नव्हती. होस्टिंगवाल्यांकडून डीकेआयएम चालू करून घेतलं, डीमार्क आत्ताच 'नन'वर टाकलं. परत आलेल्या मेल्समधल्या चाळीस मूळ हेडरसकट उतरवून ठेवल्या आहेत. रिपोर्ट आले की तक्रार लिहून इथेच टाकते, कृपया एकदा नजर घाला. आता त्या गृहस्थांना उत्तर लिहायला बसते.