मदत हवी आहे : बोरीवरच्या टसर अळ्यांसाठी बाहेरची जाळी
सोलापुरात घरामागच्या बोरीवर टसर पतंगाच्या (ज्याच्या कोषापासून टसर रेशीम मिळतं) 11 अळ्या सापडल्या. बोर त्यांचं खाद्यझाडच, त्यामुळे पाल्याची चिंता नाही. फांदीला मच्छरदाणी बांधली, पण काट्यांनी ती फाटली आणि मुंग्या शिरल्या. 4 अळ्या गेल्या. एकीचं अंग अर्धं कुरतडलेलं, पाय मात्र पानाला घट्ट धरलेले. फार वाईट वाटलं. खोडाला ग्रीस लावलं, ते दुपारच्या उन्हात ओघळून जातं. डब्यात दमट होऊन विष्ठेला बुरशी येते, म्हणून झाडावरच वाढवायच्या आहेत. फवारणी नको. आता पीव्हीसी पाइपची 4 फुटी चौकट फांदीभोवती उभी करतोय. काट्यांना टिकेल, हवा खेळेल अशी जाळी कोणती, नायलॉनची की बारीक स्टीलची? फांदी आत शिरते तिथली फट मुंग्यांसाठी कशी बंद करायची? आणि पतंग वीतभर होतो, तर पंख पसरायला कोषाखाली किती जागा मोकळी ठेवू?